दांडी तपासायला हवी

“पान सहा,” बायकोनं बाथरूमच्या दारात उभं राहून वाचलं. “‘यंत्र हाताळताना सैल कपडे परिधान करू नयेत.’”

आत, पुसून कोरड्या केलेल्या फरशीवर वर्तमानपत्रं अंथरून उभे असलेले कागदराव थबकले. त्यांनी वाकून स्वतःकडे पाहिलं. अंगात ऐसपैस सदरा होता आणि त्याखाली त्याहून ऐसपैस पायजमा. हातातलं कॉर्डलेस हॅमर ड्रिल त्यांनी अलगद खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं.

“थांब. बदलून येतो.”

“अहो, पायजम्यानं काय होतंय? अकरा वाजून गेले.”

“नियम आहे तो. उगाच कुणी लिहिलेला नाही.”

“कुणी लिहिलाय पण?”

“मी.”

कुठे बोलायचं आणि कुठे नुसतं पान धरून उभं राहायचं, हे बावीस वर्षांच्या संसारात बायकोला चांगलं कळलं होतं. कागदराव आत गेले आणि पाच मिनिटांनी दहा वर्षांपूर्वीची पँट आणि त्याच काळातला टी-शर्ट घालून परत आले. दोन्ही कपडे मुळीच सैल नव्हते. पँटचं बटण लावल्यापासून तर त्यांना वाक्याच्या मध्येच श्वासासाठी थांबावं लागत होतं.

कागदराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते सासऱ्यांनी ठेवलेलं. घरगुती यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत ते सूचना-पुस्तिका लिहायचं काम करत. मिक्सर, इस्त्री, पाण्याचा पंप, जे काही खोक्यात घालून विकलं जाई, त्या खोक्यात सगळ्यात वर जी पातळ पुस्तिका असते आणि जी खोकं उघडताच बाजूला टाकली जाते, ती कागदरावांची. दोन वर्षांपूर्वी त्यांनी हॅमर ड्रिलची पुस्तिका लिहिली होती. बत्तीस पानं, बेचाळीस नियम. कंपनी इतकी खूश झाली की तिनं त्यांना एक ड्रिलच भेट दिलं, दोन बॅटऱ्यांसकट, छान पेटीत घालून. ती पेटी त्या दिवसापासून माळ्यावर होती. ड्रिल कसं चालवावं हे कागदरावांना शब्दशः ठाऊक होतं. चालवलं मात्र त्यांनी कधी नव्हतं.

सासऱ्यांचं नेमकं उलट होतं. नानांनी चाळीस वर्षं प्लंबरचं काम केलं होतं आणि त्या चाळीस वर्षांत एकही सूचना वाचली नव्हती. भिंतीवर बोटाची पेरं आपटून आत काय आहे ते सांगणारा माणूस. लग्नानंतर पहिल्याच वर्षी जावयानं त्यांच्यादेखत कॅलेंडरसाठी एक खिळा ठोकला होता. खिळा, कॅलेंडर आणि ताटाएवढा गिलावा असं तिन्ही एकदम खाली आलं. नानांनी शांतपणे गिलावा झाडून काढला आणि म्हणाले, “कागदराव, तुम्ही आपले कागदावरच बरे.” ते नाव चिकटलं ते चिकटलंच. आता बायकोच्या माहेरी त्यांचं खरं नाव कुणाला चटकन आठवत नसे.

तर हे नाना तीन आठवड्यांपूर्वी स्वतःच्या घरी बाथरूममध्ये घसरले. घरात एकटेच. दीड तास फरशीवर पडून होते. हाताला लागलेला टॉवेल ओढून अंगावर घेतला आणि दूधवाला बेल वाजवेपर्यंत वाट बघत राहिले. खुब्याची शस्त्रक्रिया झाली, ती नीट पार पडली, पण त्या दीड तासाचा विचार मनात आला की कागदरावांच्या बायकोच्या हातातलं काम अजून तसंच राहून जाई. तिनं ठरवलं, नाना आता आपल्याकडे राहणार. डॉक्टर म्हणाले, “जरूर न्या. पण बाथरूममध्ये धरायला पक्की दांडी हवी. पुन्हा घसरले तर अवघड आहे.” आणि नाना पलंगावरून म्हणाले, “दांडीबिंडी काही लागत नाही मला. दांड्या म्हाताऱ्यांसाठी असतात.” नानांचं वय अठ्ठ्याहत्तर होतं.

स्टीलची जाडजूड दांडी सोमवारीच आणून ठेवली होती. ती बसवणारा मिस्त्री मंगळवारी ‘निघालोय’ म्हणाला, बुधवारी ‘वाटेत आहे’ म्हणाला, गुरुवारी ‘खालीच आहे’ म्हणाला आणि शुक्रवारी त्याचा फोन बंद झाला. शनिवारी दुपारी चारला नाना घरी यायचे होते. शनिवारी सकाळी बायकोनं शिडी लावून माळ्यावरची पेटी काढली आणि नवऱ्यापुढे ठेवली.

“लोकांना शिकवता ना? मग आज स्वतः करा,” ती म्हणाली. तिच्या आवाजात चेष्टा नव्हती, म्हणून कागदरावांना नाही म्हणता आलं नाही.

त्यांनी एकच अट घातली. सगळं पुस्तिकेप्रमाणे व्हायला हवं. एकेक पान वाचायचं, तेवढंच करायचं, मग पुढचं पान.

“पान सात. ‘डोळ्यांस संरक्षक चष्मा व कानांस आवरण असल्याखेरीज यंत्र सुरू करू नये.’”

संरक्षक चष्मा घरात नव्हता. लेकीचा पोहण्याचा चष्मा होता. तो निळ्या काचांचा होता आणि लहान मापाचा. तो चढवल्यावर कागदरावांच्या भुवया कपाळाच्या मध्यावर गेल्या आणि चेहऱ्यावर कायमचं आश्चर्य उमटलं. कानात कापसाचे बोळे गेले. पान आठवर धुळीपासून संरक्षण होतं, म्हणून नाकावर मास्क आला.

“पान नऊ. ‘बिट बसवताना बॅटरी काढून ठेवावी.’”

“काय?”

“बॅटरी! काढून ठेवावी!”

“काढली! पुढे!”

“आता लावा म्हणतायत!”

असं करत करत पान दहा आलं. बाजूची मूठ लावून झाली, भोक किती खोल जायला हवं त्याची पट्टी लावून झाली, पाय फाकवून भक्कम उभं राहून झालं. दांडीची जागा कागदरावांनी आधीच मोजून ठेवली होती. कमरेच्या जरा वर, शॉवरखालच्या भिंतीवर. दांडीचं डावं टोक नळाच्या बरोबर वर येईल अशी त्यांनी खूण केली होती. खाली नळ, वर शॉवर आणि मधोमध दांडी, म्हणजे कसं दिसायला एका रेषेत. लेव्हल लावून पाहिली, टाइलवर ड्रिलची टोकदार बिट घसरू नये म्हणून चिकटपट्टीची फुली मारली. चौथी ओळ, पान दहा. इतकी सुबक फुली मिस्त्रीनं जन्मात मारली नसती.

“पान अकरा. ‘दिशा-निवडक कळ इच्छित बाजूस सरकवून यंत्र कार्यान्वित करावे.’” बायकोनं मान वर केली. “इच्छित म्हणजे कुठली बाजू?”

“म्हणजे आपल्याला हवी ती.”

“आपल्याला कुठली हवी?”

कागदरावांनी ड्रिल डोळ्यांजवळ आणलं. चापाच्या वर एक आडवी कळ होती. ती डावीकडेही जात होती आणि उजवीकडेही. दोन्ही बाजूंना एकेक बाण होता. काळ्यावर काळा. निळ्या काचेतून तर ते दिसतही नव्हते. आणि तेव्हा कागदरावांना आठवलं, की ही ओळ लिहिताना त्यांनी इंजिनिअरला फोन केला होता, इंजिनिअर मीटिंगमध्ये होता आणि पुस्तिका संध्याकाळी छापायला जायची होती. म्हणून त्यांनी ‘इच्छित’ लिहून टाकलं. त्या शब्दानं त्यांना आजवर कधी दगा दिला नव्हता.

“उजवीकडे,” ते म्हणाले. शुभ काम उजव्या हातानं, एवढाच त्यामागे विचार होता. कळ उजवीकडे सरकली.

“पान बारा. ‘टाइलवर काम करताना प्रथम हॅमर बंद ठेवावा, वेग कमी ठेवावा व योग्य तो दाब द्यावा.’ योग्य म्हणजे किती?”

“वाचत राहा गं तू.”

कागदरावांनी चाप ओढला. ड्रिल गुरगुरलं, बिट फिरू लागली, चिकटपट्टीची फुली गुंडाळून गेली. कागदरावांच्या अंगावर काटा आला. बावीस वर्षांत प्रथमच त्यांच्या हातात काहीतरी फिरत होतं आणि भिंत जागेवर होती. दोन मिनिटांनी त्यांनी चाप सोडून वाकून पाहिलं. टाइलवर मसुराएवढा एक ठिपका पडला होता. गुळगुळीत आणि चकचकीत.

“बाई, धूळ अजिबात नाही की हो!” बायको कौतुकानं म्हणाली. “तो मिस्त्री येतो तेव्हा आठ दिवस पुसत बसावं लागतं.”

“नियमानं केलं की असं होतं,” कागदराव म्हणाले आणि पुन्हा भिडले.

तास गेला. ठिपका मसुराचा वाटाणा झाला, पण खोल काही जाईना. योग्य तो दाब कागदरावांनी दोनदा वाढवला. तिसऱ्यांदा ते सगळ्या वजनानिशी ड्रिलवर रेलले. टाइल तापली, करपल्यासारखा वास सुटला आणि बिट अशी किंचाळली की समोरच्या दारातले काका पायात चपला सरकवून विचारपूस करायला आले.

समोरच्या काकांनी आयुष्यात कशालाही हात लावला नव्हता, पण दुसऱ्यानं लावला की त्यांना राहवत नसे. त्यांचा प्रत्येक सल्ला त्याच दोन-तीन शब्दांनी सुरू होई. बाथरूमच्या दारातून मान आत घालून त्यांनी आधी कागदरावांच्या निळ्या चष्म्याकडे, मग पँटकडे आणि मग भिंतीकडे पाहिलं.

“मी असतो ना, तर इथं भोकच पाडलं नसतं.”

“का?” बायकोनं घाबरून विचारलं.

“अहो, हा पिलर आहे. सिमेंट, खडी, सळया. अख्खी इमारत यावर उभी आहे. याला भोक पडत असतं होय?”

“पिलर कोपऱ्यात असतो,” कागदराव म्हणाले.

“काय म्हणालात?”

कागदरावांनी मास्क खाली केला. “पिलर कोपऱ्यात असतो! ही साधी विटांची भिंत आहे!”

“मग विटांना भोक का पडत नाही?”

कागदरावांनी उत्तरादाखल चाप ओढला, आणि नेमकी तेव्हाच पहिली बॅटरी संपली. दुसरी भरून ठेवलेली होती, पान चारप्रमाणे. ती लावेपर्यंत काकांनी ड्रिल हातात घेऊन उलटंपालटं करून पाहिलं.

“ही कळ कसली?” ते म्हणाले आणि त्यांनी दिशेच्या कळीवर अंगठा ठेवला. “मी असतो ना, तर हिला इकडे ढकलून पाहिलं असतं.”

“तिला हात लावू नका,” कागदराव करड्या आवाजात म्हणाले. “ती इच्छित बाजूला आहे.”

काकांनी अंगठा काढला. मग हॅमरवरून, म्हणजे बिट फिरता फिरता ठोकेही मारते त्या सोयीवरून, वाद झाला. काका म्हणाले हॅमर चालू करा, भिंत काय तिचा बापही फुटेल. कागदराव म्हणाले टाइलवर हॅमर चालवला की टाइल तडकते, हे मी लिहिलंय. काका म्हणाले, लिहिलंय तर मग मला कशाला विचारता? कागदराव म्हणाले, विचारलंय कुणी? बायको पुस्तिकेत बोट घालून दोघांकडे बघत राहिली. घड्याळात एक वाजला होता. अजून दांडीची सहा भोकं व्हायची होती आणि पहिल्याचा नुसता ठिपका होता.

तेवढ्यात लेकीचा फोन आला. ती आजोबांना आणायला हॉस्पिटलमध्ये गेली होती.

“आई, लवकर सोडलं आम्हाला. आम्ही खाली आलोय, लिफ्टपाशी. आणि ऐक, आजोबांना बाथरूमला जायचंय. ताबडतोब. टॅक्सीत वीस मिनिटं धरून बसलेत.”

बायकोनं पुस्तिका हवेत नाचवली. “अहो, नाना आले! अहो, करा काहीतरी!”

कागदरावांना काय सुचणार? त्यांनी पाय आणखी फाकवले. पँटचं बटण तुटून नळावर आपटलं आणि टणकन आवाज करत बादलीत पडलं. त्यांनी डाव्या हातानं पँट धरली. दोन्ही हातांनी यंत्र धरावे, हा पान दहावरचा त्यांचाच नियम त्या दिवशी पहिल्यांदा मोडला. शेवटी ड्रिल खाली ठेवून त्यांनी खुंटीवरचा टॉवेल कमरेला घट्ट गुंडाळला.

वॉकर टेकवत नाना आले. वाळले होते, दाढी वाढली होती, पण नजर तीच होती. बाथरूमच्या दारात एकवार थांबून त्यांनी सगळं पाहून घेतलं. पोहण्याचा चष्मा घातलेला जावई. कमरेला टॉवेल. पायाखाली वर्तमानपत्रं. बाजूला शेजारी. दारात पुस्तिका धरून आपली मुलगी.

“कागदराव,” ते म्हणाले, “पोहायला निघालात का?”

“नाना, दांडी लावतायत ते तुमच्यासाठी,” बायको म्हणाली. “दहा मिनिटं थांबा. डॉक्टरांनी सांगितलंय, दांडीशिवाय आत जायचं नाही.”

“मला दांडी नको आणि दहा मिनिटंही नकोत. बाजूला व्हा.”

“नाही.” ती दारात आडवी झाली. “दीड तास पडला होतात तुम्ही, नाना. मी सोडणार नाही म्हणजे नाही.” नानांनी वॉकरवरची पकड बदलली.

“बरं बाई. कुठपर्यंत आलंय काम?”

समोरचे काका म्हणाले, “मी असतो ना, तर—”

“चालवून दाखवा,” नाना जावयाला म्हणाले.

कागदरावांनी चाप ओढला. ड्रिल गुरगुरलं, बिट किंचाळली. नानांनी भिंतीकडे बघितलंच नाही. ते खाली वर्तमानपत्राकडे बघत होते. पाच सेकंदांनी त्यांनी हात वर केला.

“धूळ कुठाय?”

“धूळ अजिबात नाही!” कागदराव अभिमानानं म्हणाले.

“अहो, भोक पडलं तर धूळ पडणार. बिट धूळ बाहेर काढत येते. उलटं फिरतंय ते. स्क्रू काढायच्या दिशेनं. किती वेळ चाललंय हे?”

“दोन तास,” बायकोनं हळूच सांगितलं.

“दोन तास उलटं!” समोरचे काका आनंदानं म्हणाले. “मी त्या कळीला हात लावत होतो, यांनीच लावू दिला नाही!”

कागदरावांनी चष्मा काढला. त्याच्या दोन गोल खुणा डोळ्यांभोवती उमटल्या होत्या. बेचाळीस नियम लिहिणाऱ्या माणसाला त्या क्षणी ड्रिल ज्या पेटीतून आलं त्या पेटीत जाऊन बसावं असं वाटलं. त्यांनी न बोलता कळ डावीकडे ढकलली आणि ड्रिल उचलून ठिपक्यावर टेकवलं.

“थांबा!”

नाना एवढ्या जोरानं ओरडले की लेकीच्या हातातली पिशवी पडली. ते वॉकर घेऊन आत आले, एक हात जावयाच्या खांद्यावर ठेवला आणि दुसऱ्या हाताच्या पेरांनी टाइलवर टकटक केली. ठिपक्यावर, ठिपक्याच्या खाली, मग वर. मग त्यांनी खालच्या नळाकडे बोट केलं, तिथून वरच्या शॉवरकडे. ते बोट वाटेत बरोबर ठिपक्यावरून गेलं.

“खाली नळ. वर शॉवर. पाणी वर कशातून जातं, कागदराव? हवेतून?”

कागदरावांनी ड्रिल अलगद खाली घेतलं.

“पाइप आहे इथं आत,” नाना म्हणाले. “तुम्ही अगदी पाइपाच्या छाताडावर फुली मारली आहे. बिट सरळ फिरली असती ना, तर पाच मिनिटांत इथं कारंजं उडालं असतं. खालच्या माणसाच्या डोक्यावर पाणी, भिंत फोडा, पाइप बदला, महिनाभर बाथरूम बंद. आणि मी कुठं जायचं?”

बायकोनं हातातल्या पुस्तिकेची पानं भराभरा उलटली. पान एकतीस. बारीक अक्षरात. तिनं हळू आवाजात वाचलं, “‘छिद्र पाडण्यापूर्वी भिंतीतील पाण्याचे पाइप व विजेच्या तारा यांची खात्री करावी. नळ व फवारा यांच्या सरळ रेषेत छिद्र पाडू नये.’ अहो, हे आधी नको का?”

मुळात ते आधीच होतं. पान दोनवर. कंपनीतले साहेब म्हणाले होते, घाबरवणाऱ्या गोष्टी शेवटी टाका, नाहीतर लोक ड्रिल परत करतात. आणि कागदरावांनी ते पान उचलून शेवटी नेलं होतं. आज ते पानापानानं अकरा, बारापर्यंत पोचले होते. एकतीस यायला संध्याकाळ झाली असती.

“म्हणजे,” बायको सावकाश म्हणाली, “उलटं फिरलं म्हणून वाचलो आपण.”

“दोन तास उलटं फिरवलं म्हणून,” नाना म्हणाले. “सरळ फिरवायची अक्कल असती, तर बुडाला होतात.”

त्या चकचकीत ठिपक्याकडे बघता बघता बायको हसायला लागली. हसता हसता तिनं चौकटीला टेकून डोळे पुसले. लेक हसायला लागली. कागदरावांनाही हसू फुटलं, आणि सकाळपासून छातीत धरून ठेवलेला श्वास एकदाचा सुटला. बटण तुटलेलंच होतं, त्यामुळे तो पुरता सुटला. समोरचे काका तेवढे हसले नाहीत. आपला अंगठा त्या कळीवर होता, हे त्यांना आत्ता आठवलं होतं. ते गॅसवर काहीतरी ठेवून आल्याचं सांगून निघून गेले.

“हसून झालं असेल तर खुर्ची आणा,” नाना म्हणाले. “मला घाई आहे.”

बाथरूमच्या दारात खुर्ची आली. नाना त्यात बसले आणि त्यांनी पेरांनी भिंत वाजवत, वीतभर उजवीकडे सरकत नव्या खुणा सांगितल्या. “इथं पोकळ. इथं भरीव. इथं मारा.” कागदरावांनी पुन्हा चष्मा चढवला, पुन्हा फुल्या चिकटवल्या. नानांनी चष्म्याबद्दल काही म्हटलं नाही. उलट म्हणाले, “तो राहू द्या. माझ्या एका जोडीदाराचा डोळा गेला होता टाइलच्या कपचीनं.”

“हॅमर?”

“आत्ता नाही. टाइल पार होऊ द्या, हळू, नुसती फिरवून. मग वीट लागली की हॅमर चालू करा. दाबायचं नाही, नुसतं धरायचं. ते आपलं आपण जातं.”

कागदराव थक्क झाले. हे सगळं त्यांनी लिहिलं होतं, अगदी असंच, आणि आज त्यांना त्याचा अर्थ कळत होता. बिट टाइलमध्ये शिरली. पांढरी धूळ आली. मग लाल धूळ आली. वर्तमानपत्रावर विटेचा छोटासा ढीग पडत गेला आणि त्या ढिगाकडे बघून बायकोला आयुष्यात पहिल्यांदाच धुळीचा आनंद झाला. पंचवीस मिनिटांत सहा भोकं, सहा प्लग, सहा स्क्रू. स्क्रूंवर दोन्ही टोकांना स्टीलच्या शोभेच्या झाकण्या बसल्या. नानांनी त्या वेळात तीनदा “आटपा” म्हटलं आणि एकदा, फार हळू, “बरं चाललंय” म्हटलं.

मग सगळे नानांकडे बघू लागले. दांडी झाली होती, पण ती धरणारा माणूस दांडी नको म्हणणारा होता. बायकोला हीच भीती तीन आठवडे होती. दांडी बसवता येते. ती धर म्हणून अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या हट्टी माणसाला कोण सांगणार?

नाना उठले. वॉकरनं दांडीपर्यंत गेले. तिच्याकडे त्यांनी असं पाहिलं, जणू बाजारात कुणी त्यांना जुना नळ नवा म्हणून विकत होतं.

“दांडी मला लागत नाही,” ते म्हणाले. “पण कागदरावांचं काम आहे. तपासायला हवं.”

आणि त्यांनी दांडी धरली. आधी एका हातानं, मग दोन्ही. ओढून पाहिली, दाबून पाहिली, सगळं वजन टाकून पाहिलं. ती हलली नाही. मग एक हात तिच्यावर तसाच ठेवून त्यांनी दुसऱ्या हातानं सगळ्यांना बाहेर जायची खूण केली आणि दार लोटलं.

बाहेर तिघंही कान देऊन उभी होती. पाणी पडल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं दार उघडलं.

“आत्ता तरी टिकली,” नाना म्हणाले. “पण भरवसा नाही. पुढच्या वेळी परत बघावं लागेल.”

बायको स्वयंपाकघरात निघून गेली आणि बराच वेळ तिनं नळ सोडून ठेवला. कागदरावांना त्या क्षणी इतकं हलकं वाटलं की ते कमरेच्या टॉवेलासकट सोफ्यावर बसून राहिले.

दुपारी वाचायचा चष्मा लावून नानांनी पुस्तिका वाचली, आयुष्यातली पहिली. सगळी बत्तीस पानं. “लिहिलंय सगळं बरोबर,” ते म्हणाले, “फक्त शेवटचं पहिल्यांदा हवं. आणि ते इच्छित काढा हो. उजवीकडून डावीकडे ढकला, असं लिहा सरळ.” सोमवारी कागदरावांनी ते पान शेवटून उचलून पहिलं केलं. साहेबांनी विचारलं, लोक घाबरले तर? कागदराव म्हणाले, “घाबरू द्या की.” साहेबांशी ते असं पहिल्यांदाच बोलले.

याला आता पाच महिने झाले. नाना वॉकर सोडून चालू लागले, मग काठी सोडून. दांडी तेवढी त्यांनी सोडली नाही. दिवसातून चार-पाच वेळा ते ती तपासतात. आत जाताना तपासतात, आंघोळ करताना तपासतात, उठताना तपासतात. डाव्या टोकाची झाकणी जरा सैल आहे, हात पडला की ती टकटक वाजते. बाहेर आवाज आला की बायको ओळखते, नानांनी दांडी धरली. ती निवांतपणे हातातलं काम पुढे करत राहते.

“अहो, ती झाकणी घट्ट करा ना,” एकदा ती म्हणाली. “चार महिने वाजतेय.”

झाकणी नुसती शोभेची होती. तिचा दांडीच्या मजबुतीशी काडीचा संबंध नव्हता. एका रविवारी कागदरावांनी आत जाऊन ती अंगठ्यानं दाबून पक्की बसवली. हलवून पाहिली, हलली नाही. अर्ध्या मिनिटाचं काम.

सोमवारी सकाळी बाथरूममधून पुन्हा आवाज आला. टक, टक.

कागदराव दाराबाहेर उभे राहिले. पक्की बसवलेली झाकणी एका रात्रीत आपली आपण सैल होत नाही. आणि चाळीस वर्षं नळ बसवणाऱ्या माणसाला शोभेची झाकणी कुठली आणि कामाचा स्क्रू कुठला, हे कळत नसेल असं तर मुळीच नाही.

“कागदराव,” आतून नानांचा आवाज आला, “अजून वाजतंय बरं का हे. तपासत राहायला लागणार.”

“हो नाना,” कागदराव म्हणाले. “बघतो उद्या.”